जुने पिवळे बल्ब उडायची वाट बघू नका, आत्ताच काढा

गावभागकर, सांगली
आमचं घर गावभागात. २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, खालचा मजला बुडाला आणि सगळं वायरिंग नव्यानं करावं लागलं. वायरमन तेव्हाच म्हणाला होता, बल्बही एलईडीच घ्या. बाबांनी ऐकलं नाही. पिवळ्या उजेडाशिवाय देवघरात बसवत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळं देवघर, माजघर, जिना आणि न्हाणीघर इथं ६० वॅटचे साधे बल्ब राहिले. गेल्या महिन्यात मी ते काढले.

६० वॅटचा बल्ब रोज पाच तास लावला तर महिन्याला ९ युनिट होतात. तेवढाच उजेड देणारा ९ वॅटचा एलईडी १.३५ युनिट घेतो. चार बल्बांमागे तीस युनिट वाचले. आमचा वापर दीडशेच्या आसपास, आणि महावितरणचा दर शंभर युनिटांनंतर चढतो. म्हणजे वाचलेले तीसही युनिट महागड्या स्लॅबमधले.

झिरोचा बल्बही विसरू नका. नाव झिरो, पण जुना काचेचा झिरो १५ वॅटच्या आसपास घेतो. रात्रभर दहा तास चालला तर महिन्याला साडेचार युनिट. अर्ध्या वॅटचा एलईडी झिरो मिळतो, तो लावा.

बाबांसाठी खोक्यावर २७०० के लिहिलेला बल्ब आणला. ६५०० के म्हणजे पांढराफटक, २७०० के म्हणजे जुन्या बल्बसारखा पिवळा. दुकानात हे कुणी आपणहून सांगत नाही. बाबा रोज त्याच उजेडात पूजा करतात.

वायरमन, विटा
दादा, हिशेब बरोबर आहे, पण तो कागदावरचा. खोक्यावर २५,००० तास लिहिलेलं असतं. माझ्या पिशवीत आठ-आठ महिन्यांत गेलेले एलईडी पडलेत. आतले दिवे शाबूत असतात, जातो तो ड्रायव्हर, म्हणजे दिव्यांना बेतानं वीज पुरवणारं आतलं सर्किट. आमच्याकडं शेतीपंप बंद झाले की व्होल्टेज एकदम चढतं आणि स्वस्तातला ड्रायव्हर ते सोसत नाही. त्यात लोक बल्ब बंद काचेच्या गोळ्यात बसवतात. उष्णता आत कोंडते, कपॅसिटर सुकतो, खेळ खलास. साधा बल्ब ह्यातलं बरंच सोसायचा. म्हणून मी गिऱ्हाइकाला सांगतो, आधी एकच लावा, सहा महिने बघा, मग बाकीचे.

गावभागकर
भाऊ, तुमचेच आठ महिने धरू. आठ महिन्यांत एका बल्बमागे ६१ युनिट वाचतात. युनिटला दहा रुपये धरले तरी सहाशे रुपये. बल्ब शंभरचा. आठ महिन्यांत गेला तरी पाचशे खिशात राहिले. सहा महिने बघत बसण्यात उलट नुकसान आहे. फक्त बिल जपून ठेवा, वॉरंटीत बदलून मिळतो. बिलाशिवाय दहा-वीस रुपये कमी करून घेणारे नंतर हळहळतात.

पोल्ट्रीवाला, पलूस
सगळे काढा म्हणू नका. पिल्लं आली की पहिला आठवडा ब्रूडरखाली ३३-३५ अंश ऊब लागते. साध्या बल्बमधली जेमतेम पाच टक्के वीज उजेडात जाते, बाकी उष्णता. तुमच्या घरात ती वाया जाते, माझ्या शेडमध्ये तीच कामाची. एलईडीखाली पिल्लं गारठून एकमेकांवर चढतात आणि खालची मरतात. मी डोळ्यानं बघितलंय. हे बल्ब दुकानात मिळायचे बंद झाले तर आमच्यासारख्या लहान शेडवाल्यानं काय करायचं?

मिरजकर ताई
माझा विरोध वेगळा आहे. आमच्याकडं सगळे सीएफएल आहेत, १४ वॅटचे. ते काढून ९ वॅटचे लावले तर बल्बमागे महिन्याला पाऊण युनिट वाचतं. त्यासाठी चालू बल्ब फेकू? वर त्यात पारा असतो. घंटागाडीत कचऱ्यात टाकला आणि फुटला तर तो गोळा करणाऱ्या बाईच्या नाकातोंडात जाणार. त्यापेक्षा पंखा बघा. जुना पंखा ७५ वॅट, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा बीएलडीसी पंखा ३० वॅट. रोज बारा तास चालला तर महिन्याला सोळा युनिट वाचतात. मिरजेच्या उन्हाळ्यात पंखा बारा तासांवर थांबतो कुठं! माझे पैसे आधी पंख्यात जाणार.

गावभागकर
ताई, सीएफएलचं मान्य. चालू आहेत तोवर चालवा, गेले की सुक्या कचऱ्यात न टाकता वेगळे द्या. पण पंखा अडीच-तीन हजारांचा. ज्या घरात साधे बल्ब अजून आहेत, तिथं बहुतेक वेळा तेवढे पैसे एका दमात निघत नाहीत. शंभर रुपये निघतात. २०१५ च्या जानेवारीत स्वस्तात एलईडी देणारी सरकारची उजाला योजना आली. सरकारी खरेदीत ३१० रुपयांना पडणारा एलईडी दोन-अडीच वर्षांत ३८ रुपयांवर आला. देशभर ३६ कोटींहून जास्त बल्ब वाटले गेले. तरीही आमच्याच गल्लीत मला पिवळे बल्ब दिसतात, आणि ते ज्यांना बिल परवडत नाही त्यांच्याच घरात असतात. म्हणून एवढं तळमळीनं लिहितोय.

पलूसच्या भाऊंचं शेड माझ्या मनात नव्हतंच, मी घरातल्या उजेडाबद्दल बोलतोय.

कासकडचा, सातारा
वीज वाचते हे मला मान्य नाही. आमच्या वाडीत पूर्वी अंगणात एक बल्ब असायचा, झोपताना बंद व्हायचा. आता 'एलईडी आहे, बिल येत नाही' म्हणून घरटी तीन दिवे रात्रभर. तेही पांढरे, ज्यांवर किडे जास्त येतात. काजवे अंधारात चमकून जोडीदार शोधतात. वळवाच्या पावसानंतर आमच्या ओढ्याला झाडं लखलखायची, आता दिव्यांच्या बाजूला एकही दिसत नाही. बल्ब बदला म्हणताना बटण बंद करा हे आधी सांगा.

गावभागकर
हे मला सुचलंच नव्हतं. आमच्या जिन्यातला दिवाही हल्ली रात्रभर चालू असतो. आई पडू नये म्हणून ठेवतो, पण त्याला तो अर्ध्या वॅटचा पुरेल. आज बदलतो.

वायरमन, विटा
दादा, जिन्यातला बदलताना एक बघा. बटण बंद केल्यावरही एलईडी मिणमिणत राहिला तर बल्ब खराब समजू नका. बटण फेजऐवजी (म्हणजे करंट येणाऱ्या तारेऐवजी) न्यूट्रलवर, परतीच्या तारेवर, जोडलेलं असतं किंवा बटणात इंडिकेटरचा छोटा दिवा असतो. न्यूट्रलवर असेल तर होल्डरला हात लावू नका, बटण बंद असलं तरी तिथं करंट असतो. मेन स्विच पाडूनच काम करा. आणि सहा महिने बघा म्हणालो, ते मी अजून म्हणतोय.