क्लबच्या जुन्या मेंबरांचा सत्कार करायचाय, शाल-श्रीफळ सोडून काय करता येईल?

तापीकाठचा:
नमस्कार मंडळी. मी जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाचा. आमच्याकडे एक सेवाभावी क्लब आहे, आंतरराष्ट्रीय संघटनेशी जोडलेला, कोणता ते लिहीत नाही कारण आमचे दोन-चार मेंबर इथे वाचत असतात आणि उगाच पंचाईत नको. यंदा सेक्रेटरीपद माझ्या गळ्यात पडलंय. १ जुलैला नवीन टीम बसली आणि पहिल्याच मीटिंगला ठरलं की ज्यांना २५ वर्षं होऊन गेलीत त्या सगळ्यांचा एकत्र सत्कार करायचा. ठरवायला काय जातं, करायचं मला आहे.

ही माणसं म्हणजे मोतीबिंदूच्या शिबिराला खेड्यापाड्यातून म्हातारीकोतारी माणसं गाडीत घालून आणणारी, ऑपरेशन झालं की परत घरी सोडणारी. वैकुंठरथ यांनीच वर्गणी काढून आणला. वॉकर, कमोड चेअर, फाउलर बेड (डोक्याकडून वर करता येणारी दवाखान्यातली कॉट) डिपॉझिटवर देतो ते साहित्य केंद्र यांचंच, सातपुड्यातल्या पाड्यांवर थंडीत ब्लँकेटं घेऊन जायचे तेही हेच. आता बहुतेक सगळे सत्तरीच्या पुढे. प्रत्येकाच्या घरी शोकेसभर मोमेंटो पडलेत आणि शालींचं तर विचारू नका, एका आप्पांच्या घरी त्या पाहुण्यांना अंथरायला देतात असं त्यांच्या सूनबाईंनीच सांगितलं.

अडचणी अशा की एकजण मध्ये भांडून गेले होते, सात-आठ वर्षांनी परत आले, त्यांची वर्षं कशी मोजायची? एकजण वर्गणी नियमित भरतात पण मीटिंगला कित्येक वर्षांत फिरकले नाहीत. एक नाना अंथरुणाला खिळलेत. आणि आमच्यातल्या एका गटाचं म्हणणं आहे की पाहुणा मोठा पाहिजे, आमदार-खासदार पाहिजे, नाहीतर पेपरात बातमी येत नाही. कोणी असं काही केलं असेल तर सांगा, बजेट फार नाही.

धुळेकर_ऊन_खातो:
पाहुण्याच्या नादी लागू नका एवढंच पहिलं सांगतो. आमच्या इथे एका संस्थेने (नाव जाऊ द्या) ज्येष्ठांचा सत्कार ठेवला तो मे महिन्यात, दुपारी चारला, हॉल दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. पाहुणे आले सव्वासहाला. तोवर सगळे सत्कारमूर्ती स्टेजवर प्लास्टिकच्या खुर्चीत घाम पुसत बसलेले, एकाला चक्कर आली, आणि पाहुणे आल्यावर आधी सत्कार कोणाचा, तर पाहुण्यांचा. मग त्यांच्यासोबत आलेल्यांचा. मग देणगीदारांचा. ज्यांच्यासाठी कार्यक्रम होता त्यांची नावं शेवटी दहा मिनिटांत गुंडाळली आणि दोन नावं तर चुकीची घेतली. त्यात निम्मे लोक पाहुण्यांसोबत फोटो काढायला खाली पळालेले.

तळमजल्याचा हॉल घ्या, स्टेजला पायऱ्या नकोत किंवा सत्कारमूर्तींना खालीच पहिल्या रांगेत बसवा आणि अध्यक्षांनी खाली उतरून त्यांच्यापाशी जायचं. बाथरूम जवळ पाहिजे, हे कोणी बघत नाही आणि सत्तरीच्या माणसाला सगळ्यात आधी तेच लागतं. तारीख काढताना कानबाईचा रविवार टाळा, त्या दिवशी खान्देशात कोणी कोणाच्या कार्यक्रमाला येत नाही. पोळाही बघून घ्या.

जुनं_खोड_भुसावळ:
तुमचा क्लब रोटरी का लायन्स ते लिहिलं असतं तर नेमकं सांगता आलं असतं. दोन्हीकडचं सांगतो, मी दोन्हीकडे वावरलोय.

रोटरीत नेहमी सुचवलं जातं ते पॉल हॅरिस फेलो (पीएचएफ). लोकांना वाटतं तो सेवेचा पुरस्कार आहे. मुळात रोटरी फाउंडेशनला १००० डॉलर दिले की ती मान्यता मिळते, १९५७ पासूनची पद्धत आहे. वाईट काही नाही त्यात, पण एखाद्याने तीस वर्षं शिबिरं केली आणि खिशात पैसे नाहीत तर तो कधीच पीएचएफ होणार नाही, आणि कालचा आलेला बिल्डर पहिल्या वर्षी होतो. यावर उपाय असा आहे की दुसऱ्याच्या नावाने पैसे भरता येतात. शिवाय ज्यांनी आधी भरपूर दिलंय त्यांच्या खात्यात रेकग्निशन पॉइंट साठलेले असतात, डॉलरला एक पॉइंट, ते दुसऱ्याच्या नावावर करता येतात. तुमच्यातल्या दोन-तीन दात्यांना गाठा, पॉइंट नुसते पडून असतात. म्हणजे क्लबचा रुपया न जाता एखाद्या खऱ्या काम करणाऱ्याला पिन लागेल. लायन्समध्ये तसंच मेल्विन जोन्स फेलोशिप, तीही १००० डॉलरचीच, एलसीआयएफला, म्हणजे लायन्सच्या फाउंडेशनला. पण लायन्समध्ये वर्षांची वेगळी नोंद घेतात, मोनार्क शेव्हरॉन म्हणतात, १० वर्षांपासून सुरू होतं आणि पुढे दर पाच वर्षांनी. स्थापनेपासूनच्या मेंबरांसाठी चार्टर मोनार्क वेगळं. तेव्हा लायन्स असाल तर आधी मुख्यालयाच्या रेकॉर्डला प्रत्येकाची जॉइनिंगची तारीख बरोबर चढलीये का ते तपासा, आपल्याकडे सेक्रेटरी बदलला की निम्म्या तारखा हवेत जातात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कृपा करून कोणाला न विचारता ‘मानद सदस्य’ करू नका. ऐकायला भारी वाटतं. पण रोटरीत मानद सदस्याला वर्गणी नाही तसंच मतही नाही आणि पदही घेता येत नाही. एका क्लबात असंच एका ज्येष्ठांना टाळ्यांच्या गजरात मानद केलं, आणि घरी गेल्यावर कोणीतरी त्यांना नियम वाचून दाखवला. माणूस म्हणाला मला सन्मानाने बाहेर काढलं, आणि त्यानंतर आलाच नाही. मीटिंगला यायला जमत नाही एवढीच अडचण असेल तर रोटरीत ८५ चा नियम आहे ना भो, वय अधिक मेंबरशिपची वर्षं मिळून ८५ किंवा जास्त, आणि किमान २० वर्षं मेंबर पाहिजे. अशा माणसाने सेक्रेटरीला लेखी कळवायचं, बोर्डाने मंजूर करायचं, हजेरीतून सूट मिळते, मत शाबूत राहतं. २० वर्षं एकाच क्लबात पाहिजेत असंही नाही. तुमचे मीटिंगला न फिरकणारे जे आहेत ते यात बसत असतील तर त्यांचा अपमान न करता त्यांना रीतसर सूट देऊन टाका. लायन्समध्ये लाइफ मेंबर करायची सोय आहे, २० वर्षं झाली असतील किंवा वय किमान ७० आणि १५ वर्षं झाली असतील तर, एकदाच रक्कम भरायची, पुढे आंतरराष्ट्रीय वर्गणी लागत नाही आणि मेंबर पूर्ण हक्काचा राहतो. ही भेट मला शालीपेक्षा कितीतरी बरी वाटते.

माहेर_फैजपूर:
वर सगळ्यांनी छान लिहिलंय पण एक विचारू का, तुमच्या यादीत बायका किती आहेत?

मी सांगते, एखादी असेल नाहीतर नसेल. रोटरीने बायकांना मेंबर व्हायला रीतसर परवानगी दिली १९८९ मध्ये, लायन्सने १९८७ मध्ये, आणि तालुक्याच्या गावात ते खरंच सुरू व्हायला त्यानंतर किती वर्षं गेली ते तुम्हीच बघा. पण शिबिराला दोनशे माणसांचं जेवण कोण करत होतं? माझी आई करत होती, शेजारच्या काकू करत होत्या. ऑपरेशन झालेल्या आजीबाईंना डोळ्यात थेंब कसे घालायचे ते शिकवायचं, रात्री त्यांच्याजवळ झोपायचं, कारण बाई माणसाच्या वॉर्डात पुरुष कसे थांबणार. कागदावर त्या फक्त ‘मेंबरची मिसेस’. वर्षं मोजून सत्कार केला की त्या आपोआप बाहेर. आणि मग कार्यक्रमात काय होतं तर ‘सपत्नीक सत्कार’, म्हणजे त्यांना शाल आणि हिला खणा-नारळाची ओटी, नाव घ्यायचं सुद्धा नाही, सौ. अमुक अमुक. पपांचा सत्कार झाला तेव्हा मला तेच खटकलं होतं पण तेव्हा बोलले नाही.

इनर व्हील (रोटरीशी जोडलेला बायकांचा क्लब) असेल तुमच्याकडे तर त्यांच्या जुन्या वह्या मागवा, त्यात कामाची नोंद सापडते. नसेल तर घरोघरी विचारा. आणि बाईंचा सत्कार त्यांच्या स्वतःच्या नावाने करा, त्यांच्या कामासाठी करा, नवऱ्याच्या जोडीला म्हणून नको.

मी_सांगस_ते_आयका:
मना इचार इतलाच शे भो, भाशन कमी करा नि जेवन गरम ठेवा. लोके वरण-बट्टीसाठे थांबतस, भाशनसाठे नही 😄

स्पष्ट_बोलतो_राग_नको:
माझं मत वेगळं आहे, शिव्या घाला हवं तर. सेवा केली ना, मग सत्कार कशाला? हॉल, मंडप, जेवण, मोमेंटो, बॅनर, चाळीस-पन्नास हजार सहज जातात. तेवढ्यात साहित्य केंद्राला दोन चांगले बेड येतील. हे सत्कार एकमेकांचे करत राहायचे आणि पेपरात फोटो द्यायचे, सगळ्या क्लबांचं आता हेच झालंय. गावातले लोक हसतात.

जुनं_खोड_भुसावळ:
@स्पष्ट_बोलतो बॅनरचं पटलं. बाकीचं नाही पटलं. दोन बेड येतील हो, पण डिपॉझिटचा हिशोब ठेवायला, बेड परत आला की धुऊन पुसून ठेवायला माणूस लागतो, आणि नवीन पोरं जुन्यांना बघूनच येतात. मागचं कोणी विचारतच नाही असं दिसलं तर कशाला येतील.

शिरपूरचा_शिक्षक:
मानपत्राबद्दल लिहितो, कारण दर वेळी ते माझ्याकडेच येतं लिहायला. ‘आपण समाजाचे दीपस्तंभ आहात, आपले कार्य वृक्षासारखे’ वगैरे जे छापलं जातं ते नाव बदलून कोणालाही देता येतं, आणि तसंच देतातही, मी एकदा खालचं नाव बदलायचं राहिलेलं मानपत्र पाहिलंय. त्यापेक्षा क्लबच्या जुन्या मिनिट बुकात जा. एक आठवडा द्या त्याला. त्यात सापडेल की कोणत्या वर्षी कोणत्या गावात शिबिर झालं, जीप कोणाची होती, डिझेल कोणी घातलं, कोणता ठराव कोणी मांडला आणि कोणी विरोध केला (विरोधसुद्धा लिहा, म्हातारे खूष होतात). मग मानपत्रात सरळ तेच लिहायचं. पल्स पोलिओ १९९५ ला सुरू झालं तेव्हा बूथवर कोण बसायचं, थंडपेटी सायकलला बांधून केळीच्या मळ्यातल्या झोपड्यांवर कोण गेलं, हे ज्यांना ठाऊक आहे ती माणसं अजून आहेत तोवर विचारून घ्या. २७ मार्च २०१४ ला भारत पोलिओमुक्त झाल्याचं प्रमाणपत्र मिळालं, आमच्याकडच्या एका अण्णांना त्या दिवशी कोणी फोनसुद्धा केला नव्हता. आता करा. पाच ओळी पुरे, पण त्या ओळी त्या माणसाच्याच पाहिजेत.

मुलाखती मोबाईलवर रेकॉर्ड करायला कॉलेजची पोरं लावा. नातवाला लावलं तर आणखी बरं, आजोबा मोकळं बोलतात.

भांडून गेलेल्यांचं म्हणाल तर ‘२५ वर्षं अखंड’ हा शब्दच काढून टाका निमंत्रणातून. क्रम वर्षांनुसार लावू नका, वयानुसार लावा, वाद मिटला.

रक्तदाता_नंदुरबार:
एक मुद्दा राहिला. आमच्याकडे एक काका दर तीन महिन्यांनी रक्त द्यायचे, गावात त्यांची ओळखच ती. वय ६५ झालं, नियमाप्रमाणे बंद. मग शिबिराला यायचेच बंद झाले, म्हणायचे मी आता काय कामाचा. त्यांना आम्ही रजिस्ट्रेशनच्या टेबलावर बसवलं. आता पहिल्यांदा रक्त द्यायला आलेल्या पोरांना तेच धीर देतात, हिमोग्लोबिन कमी निघालं तर काय खायचं ते सांगतात, परत पाठवलेला पोरगा पुढच्या शिबिराला येतो की नाही याचाही पाठपुरावा करतात. सत्कार करा पण त्याच कार्यक्रमात पुढचं काम पण द्या, असं माझं मत. नाहीतर सत्कार म्हणजे रिटायरमेंटच वाटते त्यांना.

तापीकाठचा:
सगळ्यांचे आभार, एवढं येईल वाटलं नव्हतं. काल बोर्डात मांडलं. आमदारांचा विषय मतदानाला टाकला आणि एका मताने पडला, आता तो गट माझ्यावर रुसलाय. हॉल तळमजल्याचाच घेतोय. मिनिट बुकं काढली, पहिल्या दोन वह्यांना वाळवी लागलीये पण तिसऱ्यापासून वाचता येतं. अंथरुणाला खिळलेल्या नानांकडे कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी सगळं बोर्ड जाणार, मानपत्र तिथेच वाचणार. बायकांची यादी आमच्या मिसेस करतायत, आत्ताच नऊ नावं निघालीत आणि त्यातली चार मला माहीतच नव्हती. पॉइंटचं एका दात्यांना विचारलं, ते लगेच हो म्हणाले, फक्त कोणाला द्यायचे यावर आता नवीन वाद सुरू झालाय 🙏

मेनूत वरण-बट्टी, वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी.

माहेर_फैजपूर:
भाकरी कोण थापणार तेही लिहा 🙂

तापीकाठचा:
केटररला सांगितलंय ताई. खरंच.

पारोळा_एक्सप्रेस:
विषयाला सोडून विचारतो, माफ करा. तुमच्या साहित्य केंद्रात फाउलर बेड आहे का सध्या? वडिलांचं खुब्याचं ऑपरेशन झालंय, परवा घरी आणायचंय, आमच्याकडे सगळे बाहेर गेलेत. डिपॉझिट भरतो, गाडी घेऊन येतो.

तापीकाठचा:
एक आहे, गादीसकट. व्यनि करा, आप्पांचा नंबर देतो. ते दुपारी झोपतात, चारनंतर फोन करा.