मदत हवी आहे: कुकरमधला केक मधोमध बसतो, जरा लवकर सांगा

गेटपलीकडची
नमस्कार. लेकाचा वाढदिवस तोंडावर आलाय आणि केक काही जमेना. फुगतो छान, पण खाली उतरवला की मधोमध खड्डा. कडेला झकास, आत चिकट गोळा. साहित्य सगळं मापात घातलंय. काय चुकतंय तेवढं सांगा. बेकरीतून आणा असं कुणी लिहू नका. त्याला जेसीबीचा केक हवाय आणि तो मी घरीच करणार आहे.

खानापूरकर
ताई, मापात म्हणजे किती ते लिहा की. अंड्याचा की बिनअंड्याचा? डबा किती इंची? कुकर किती लिटरचा? गॅस मोठा की बारीक? एवढं कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

कॅम्पातले काका
कुकरचा नाद सोडा. ओटीजी घ्या, म्हणजे विजेचा छोटा ओव्हन. १८० डिग्री, पस्तीस-चाळीस मिनिटं, विषय संपला. आमच्याकडे आलेल्या सुनेनं पहिली वस्तू तीच घेतली.

गेटपलीकडची
काका, चार दिवसांत ओटीजी घेऊन तो शिकायचा कधी?
बिनअंड्याचा आहे, अर्थात. सासूबाई खात नाहीत आणि वाड्यातली निम्मी पोरं लिंगायतांची. पाच लिटरचा कुकर, सात इंची डबा. तीन वाट्या मैदा, दोन वाट्या दही, दीड वाटी साखर, एक वाटी तेल, अडीच चमचे बेकिंग पावडर, एक चमचा सोडा.

निपाणीची आत्या
अगं बाई, तीन वाट्या मैदा सात इंची डब्यात? डबा काठोकाठ भरला असेल. डबा अर्धाच भरायचा, फार तर अर्ध्याहून थोडा जास्त. जाड थराला बाहेरून रंग येतो, पण मध्यापर्यंत आच पोचेपर्यंत कडा करपतात. दीड वाटीचा एक घाणा असे दोन घाणे काढ.

खानापूरकर
आत्याबाईंचं बरोबर आहे, पण मला शंका सोड्याची येते. ताई, चमचा कुठला?

गेटपलीकडची
चमचा म्हणजे चमचा. पोह्याचा.

खानापूरकर
तिथंच घोळ आहे. रेसिपीतला चमचा पाच मिलीचा असतो. पोह्याचा चमचा त्याच्या दुप्पट भरतो, शिगोशिग घेतला तर आणखीच. सोडा जास्त झाला की पीठ भराभर फुगतं, पण आतला भाग घट्ट व्हायच्या आधी हवा निघून जाते आणि केक खाली बसतो. साबणासारखी चव आली होती का?

गेटपलीकडची
थोडी. मला वाटलं दही आंबट होतं म्हणून.

शहापूरची सूत-रंग
दही आंबटच हवं, गोड दह्यात सोड्याला करायला काही उरत नाही. दीड वाटी मैद्याला एक वाटी दही, पाऊण वाटी साखर, अर्धी वाटी तेल, अर्धा लहान चमचा सोडा, सव्वा लहान चमचा बेकिंग पावडर. आणि सोडा पडल्यावर पीठ ठेवायचं नाही. आधी कुकर तापवा, मग सोडा घाला. लोक पीठ तयार करून मग गॅस पेटवतात, तोवर सगळे बुडबुडे गेलेले असतात.

सांबऱ्याचा
ईनो घालायचं, विषयच नाही. आमची आई तेच करते.

शहापूरची सूत-रंग
ईनो म्हणजे सोडाच, त्यात आंबट पावडर मिसळलेली. ओलं झालं की लगेच काम सुरू, म्हणून तर त्याला अजिबात थांबता येत नाही. ढोकळ्याला ठीक. ताईंचा प्रश्न चाळीस मिनिटांच्या केकचा आहे.

सांबऱ्याचा
आमचा होतो की मस्त. तुमचा होत नसेल.

निपाणीची आत्या
भांडू नका रे. गेटपलीकडची, कुकरची शिट्टी आणि रिंग दोन्ही काढलीस ना? तळाला मीठ किंवा वाळू, वर स्टँड, दहा मिनिटं तापवून मग डबा आत, गॅस अगदी बारीक. तीस मिनिटं तरी झाकण उघडायचं नाही. तू मधे मधे उघडून बघतेस असं मला वाटतंय.

गेटपलीकडची
शिट्टी-रिंग काढते. उघडून न बघता कळणार कसं?

निपाणीची आत्या
वासावरून. वास घरभर झाला की आणखी पाच मिनिटं थांब, मग सुरी टोचून बघ.

वडगावचा गणपा
किती माणसं आहेत? पोराचं वय? तारीख?

गेटपलीकडची
तीन वर्षांचा होतोय. पोरं पंचवीस, मोठी धरून चाळीस. १ नोव्हेंबरला संध्याकाळी, घरीच, बेळगावात तिसऱ्या रेल्वे गेटजवळ.

वडगावचा गणपा
काय करूलाय ओ ताई! १ नोव्हेंबरला संध्याकाळी? कर्नाटक राज्योत्सवाच्या मिरवणुकीनं चन्नम्मा सर्कलकडचे रस्ते भरलेले असतात, आणि आपली मराठी माणसं त्याच दिवशी निषेधाच्या काळ्या दिनाच्या फेरीत. निम्मे पाहुणे वाटेतच अडकणार.

कॅम्पातले काका
१९५६ पासून हे असंच चाललंय. भाषावार प्रांतरचना झाली आणि बेळगाव, खानापूर, निपाणी सगळं म्हैसूर राज्यात गेलं. पुढं सीमावादावर महाजन आयोगाचा अहवाल आला, त्यानं तर...

खानापूरकर
काका, धागा केकचा आहे.

कॅम्पातले काका
तारीख निघाली म्हणून बोललो.

गेटपलीकडची
तो जन्मलाच त्या दिवशी, मी काय करू? बरं, निपाणीहून नणंद येणार आहे, तिला आदल्या दिवशीच बोलवते. कार्यक्रम सकाळी अकराला ठेवला तर?

निपाणीची आत्या
अकरा उत्तम. त्या वयाची पोरं संध्याकाळी पेंगतात, रडतात. फुगे लावशील तर फुटलेले तुकडे लगेच उचल, पोरं तोंडात घालतात. अख्खे शेंगदाणे, अख्खी द्राक्षं, पॉपकॉर्न लहानांपुढं नको. घशात अडकतं.

वडगावचा गणपा
आणि चाळीस जणांना एका जेसीबीत पुरणार नाही. एक किलोचा केक दहा-बारा जणांना जातो. देखाव्याला जेसीबी ठेवा, वाटायला आप्पे पात्रातले छोटे केक करा. हेच पीठ, बारीक गॅस, झाकण, मग उलटायचे. पोरांना हातात धरता येतात. आमच्याकडे सगळ्या वाढदिवसांना हेच, कुणी केक कापायची वाट बघत नाही.

सांबऱ्याचा
नाहीतर सरळ कुंदा आणा. बेळगावात राहून केक कसला करायचा?

गेटपलीकडची
सांबरेकर, तीन वर्षांच्या पोराला कुंद्याचा जेसीबी करून दाखवा, मी पाया पडते.
आता जेसीबीचं कुणी सांगेल का? पिवळा रंग? आणि आकार कसा कापायचा? एका ओळखीच्या मुलीनं हळद घाल म्हणून सांगितलंय.

शहापूरची सूत-रंग
पिठात हळद नको. सोड्याशी गाठ पडली की ती लालसर होते. पिवळा जेसीबी तांबूस निघेल.

खानापूरकर
रंग क्रीमला लावायचा आहे, केकला नाही. क्रीममध्ये सोडा कुठं आहे?

शहापूरची सूत-रंग
बरं, क्रीममध्ये लाल होणार नाही. पण वास येईल. पोराला कच्च्या हळदीचं क्रीम चारायचं आहे का? केकच्या दुकानात मिळतो तो पिवळा जेल कलर घ्या, टूथपिकच्या टोकावर येईल एवढा पुरतो. आणि आकार कापायचा असेल तर केक आदल्या रात्री करा, पूर्ण गार झाला की गुंडाळून फ्रिजमध्ये. ताजा मऊ केक कापायला गेलात की भुगा होतो. कापल्यावर एक पातळ थर क्रीमचा देऊन अर्धा तास फ्रिजमध्ये, मग वरचा थर. भुगा पहिल्या थरातच अडकतो. चाकांना क्रीमची बिस्किटं, पुढच्या फावड्याला चॉकलेटची वडी.

निपाणीची आत्या
व्हीप क्रीम घेऊ नकोस. लाईट गेली की फ्रिज बंद आणि तुझा जेसीबी खाली घसरला. बटरक्रीम कर. शंभर ग्रॅम बिनमिठाचं लोणी, दोनशे ग्रॅम पिठीसाखर, वाटल्यास चमचाभर दूध. घरचं लोणी घेऊ नकोस, त्यात पाणी असतं.

कॅम्पातले काका
अमूलची फ्रेश क्रीम फेटली तर? बटरक्रीमपेक्षा स्वस्त.

शहापूरची सूत-रंग
तिच्यात २५ टक्के फॅट असतं, ती फुलत नाही. व्हीप करायला तीस तरी हवं.

गेटपलीकडची
सगळ्यांचे आभार. आत्ता दीड वाटीचा एक घाणा काढलाय, मापाचे चमचे शेजारच्या अक्कांकडून आणले. तीस मिनिटं झाकणाला हात लावला नाही, सासूबाई पहारा देत बसल्या होत्या. खड्डा नाही. वर थोडी भेग गेलीय.

खानापूरकर
भेग कापताना निघून जाते. वरचा भाग तुम्ही तसाही सपाट करणार.

गेटपलीकडची
पिठीसाखर घरची दळलेली चालेल का?

निपाणीची आत्या
चालेल. दोनदा चाळ, नाहीतर क्रीम कचकचतं.

नवीन_सदस्य
धागा वरवर वाचला. कुकरमध्ये पाणी किती घातलंत? आणि अंडी किती?