मदत हवी आहे: ‘द ट्युरिन हॉर्स’ कसा समजून घ्यावा?

सर्वांना नमस्कार. हंगेरीचे दिग्दर्शक बेला तार यांचा ‘द ट्युरिन हॉर्स’ (२०११) मी दोनदा पाहिला. तो मनातून जात नाही आणि पुरता उमगतही नाही, म्हणून जाणकारांची मदत हवी आहे. १८८९ साली इटलीतील ट्युरिनमध्ये चाबकाचे फटके खाणाऱ्या घोड्याच्या गळ्यात पडून जर्मन तत्त्वज्ञ नीत्शे कोसळला, ही हकिकत सुरुवातीला काळ्या पडद्यावर नुसती ऐकू येते. पुढे उरतात ते सोसाट्याच्या वाऱ्यात अडकलेले बाप-लेक आणि दाणापाणी नाकारणारा घोडा.

सुमारे अडीच तासांच्या या कृष्णधवल चित्रपटात जेमतेम तीस शॉट आहेत, पण लांबीचा मला त्रास झाला नाही. उजवा हात लुळा पडलेला बाप उकडलेल्या बटाट्याची साल डाव्या हाताच्या बोटांनी, चटके सोसत, अधाशासारखी ओरबाडतो, तेव्हा ती भूक आपल्यालाही जाणवते. सहा दिवसांत विहीर आटते, दिवा पेटेनासा होतो. बायबलमधील सहा दिवसांच्या सृष्टिनिर्मितीचा हा उलटा प्रवास आहे, हे स्पष्टीकरण मला पटते, मात्र त्या बटाट्यापुढे ते अपुरे वाटते.

माझी खरी अडचण शेजाऱ्यापाशी आहे. दारू मागायला आलेला हा माणूस जगाच्या ऱ्हासावर प्रदीर्घ बोलतो आणि बाप ते सारे निरर्थक म्हणून झटकून टाकतो. या भाषणाला चित्रपटाची गुरुकिल्ली मानावे, की बापाप्रमाणे बाजूला सारावे? आणि तिसऱ्यांदा पाहण्यापूर्वी नीत्शेचे नेमके कोणते लेखन वाचावे?