व्हॅक्यूम भट्टीत सुकवलेल्या ओकच्या गाभ्यातील भेगा

प्रश्न
नमस्कार. ५० मिलिमीटर जाडीच्या ओकच्या ताज्या चिरलेल्या फळ्या मी व्हॅक्यूम भट्टीत सुकवून घेतल्या. रंग उजळ राहिला, पृष्ठभागावर एकही तडा नव्हता आणि आर्द्रतामापक ८ टक्के दाखवत होता. मात्र एक फळी आडवी कापली, तेव्हा गाभ्यात मध्ये रुंद आणि टोकांना निमुळत्या अशा भेगा दिसल्या. हा दोष या पद्धतीचाच आहे का?

पहिला प्रतिसाद
दोष पद्धतीपेक्षा घाईचा वाटतो. हवेचा दाब १०० मिलिबारपर्यंत उतरवला की पाणी सुमारे ४६ अंश सेल्सिअसला उकळते. त्यामुळे लाकूड फारसे न तापवता ते लवकर सुकते, आणि प्राणवायू कमी असल्याने ते काळवंडतही नाही. परंतु बाहेरचा थर आधी सुकतो आणि ओला गाभा त्याला आकसू देत नाही, म्हणून तो ताणलेल्या स्थितीतच घट्ट होतो. पुढे गाभ्याची आर्द्रता साधारण ३० टक्क्यांखाली येऊन तो आकसू लागला, की हाच थर त्याला अडवतो आणि लाकूड आतून फाटते. वरून काहीच दिसत नाही, ही यातली सर्वांत वाईट गोष्ट आहे.

आपला ओक लाल आहे की पांढरा? लाल ओकच्या लहान तुकड्याचे एक टोक साबणाच्या पाण्यात बुडवून दुसऱ्या टोकाने फुंकले, तर बुडबुडे येतात. पांढऱ्या ओकच्या गाभ्यातील नलिका बुजलेल्या असतात, म्हणूनच त्याची पिंपे गळत नाहीत. पण त्यामुळेच वाफेला फळीच्या टोकांकडे जाण्याची वाट मिळत नाही.

दुसरा प्रतिसाद
वरील मताशी मी सहमत आहे. जाड ओक आधी सावलीत, फळ्यांमध्ये पट्ट्या ठेवून, २५ ते ३० टक्क्यांपर्यंत सुकवावा आणि मगच भट्टीत घालावा, असे मी आग्रहाने सांगेन. आर्द्रतामापकाच्या पिना पृष्ठभागावर टोचून भागत नाही. आवरण असलेल्या लांब पिना गाभ्यापर्यंत ठोकाव्यात. शिवाय, फळीच्या आडव्या चकतीचा मधला भाग कापून चिमट्यासारखे दोन दांडे राखावेत आणि ती चकती दिवसभर खोलीत ठेवावी. दांडे आत वळले, तर ताण शिल्लक आहे असे समजावे.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. तुकड्यातून फुंकर अजिबात गेली नाही, म्हणजे ओक पांढराच आहे. चकतीचे दांडे तर टोकांना एकमेकांना टेकले. उरलेल्या फळ्या वाचवता येतील का?

पहिला प्रतिसादक
भट्टीत शेवटी वाफ देऊन ताण सैल करता येतो, त्यामुळे चिरताना फळी करवतीवर आवळणार नाही. आतल्या भेगा मात्र भरून येत नाहीत. प्रत्येक फळी दोन-तीन ठिकाणी कापून तपासावी, आणि भेगा असलेल्या फळ्या भार पेलणाऱ्या कामासाठी वापरू नयेत.