मदत हवी आहे: डिमेन्शिया असलेल्या आईसाठी छोटं केअर होम, पुणे
आई ७८, अल्झायमर आहे, डोनेपेझिल (त्याचंच औषध) चालू. दिवे लागले की "मला घरी जायचंय" सुरू, रात्री दोनदा कडी काढून बाहेर गेली. तिला सांभाळायला ब्यूरोच्या तीन बायका ठेवून झाल्या, टिकल्या नाहीत (त्यांचाही दोष नाही म्हणा). आता कोथरूडला बंगल्यातलं ८-१० जणांचं होम बघतोय, बजेट महिना ४० हजार, आई चालती-फिरती आहे, डायपर नाही. एकदा जाऊन आलो, स्वच्छ आहे पण दुपारी गेलो आणि सगळे झोपलेले, काय कळणार डोंबल. ज्यांनी असं कुणाला ठेवलंय त्यांनी प्लीज सांगा, रात्री खरंच कुणी मावशी जागी असते का आणि झोपेचं औषध आपल्याला न विचारता देतात का, हे ठेवायच्या आधीच कसं तपासायचं?