चालतं ॲप जावातून कोटलिनमध्ये न्यायचंच कशाला?

कोडकर:
आमचं जुनं अँड्रॉइड ॲप पूर्ण जावा या प्रोग्रॅमिंग भाषेत आहे आणि नीट चालतंय. आता वरून फर्मान आलंय की सगळं कोटलिन या दुसऱ्या भाषेत न्या. माझं मत, चालत्या कोडला हात लावू नका, नवं लिहाल ते कोटलिनमध्ये लिहा, दोन्ही एकाच प्रोजेक्टमध्ये सुखाने नांदतात. गूगलने 2017 ला कोटलिनला अधिकृत सपोर्ट दिला, 2019 ला 'आधी कोटलिन' असं धोरणही जाहीर केलं, पण म्हणून जावातली ॲप बंद पडली का? अँड्रॉइड स्टुडिओ (ॲप लिहायचं सॉफ्टवेअर) एका क्लिकवर जावाची फाइल कोटलिनमध्ये बदलून देतो हे खरं, पण ती उघडून बघा, जागोजागी दोन-दोन उद्गारचिन्हं. म्हणजे 'इथे नल (रिकामी व्हॅल्यू) येणार नाही' अशी हमी आपण द्यायची आणि तरी आला की ॲप क्रॅश. मग मिळवलं काय?

सावळाराम:
अहो तीच तर मिळकत आहे! जावात तो धोका होताच, फक्त दिसत नव्हता. आता ती उद्गारचिन्हं सर्च करा, एकेक काढत जा. आणि नवं तेवढंच कोटलिनमध्ये म्हणता, पण जेटपॅक कंपोज (स्क्रीन बनवायचं गूगलचं टूलकिट) कोटलिनशिवाय वापरताच येत नाही, 2021 पासून ते स्टेबल आहे. पडद्यामागे कामं चालवायचं जुनं असिंकटास्क अँड्रॉइड 11 मध्ये डेप्रिकेट झालं, म्हणजे आता वापरू नका असं ठरलं, तो कोड कधीतरी बदलावा लागणारच, मग त्यासाठी कॉलबॅकमध्ये कॉलबॅक (काम संपल्यावर चालणारं फंक्शन) लिहीत बसायचं की कोटलिनचं कोरूटीन वापरून तेच काम सरळ ओळीने लिहायचं? शिवाय अर्धं हे अर्धं ते ठेवलं की टीममधल्या नव्या माणसाला दोन्ही शिकवत बसा.

कोडकर:
कंपोजचं मान्य. पण नलच्या सुरक्षिततेवर फार विसंबू नका. डेटा क्लासमध्ये (माहिती साठवायच्या साच्यात) नाव हे नल नसलेलं स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, आहे असं लिहिलं आणि सर्व्हरने नल पाठवला, तर सर्व्हरची माहिती वाचणारी जीसन ही लायब्ररी काही तक्रार करत नाही, रिफ्लेक्शनने (भाषेची तपासणी टाळून) तो नल गुपचूप आत भरते. डिफॉल्ट व्हॅल्यू दिली असेल तरी तेच. मग क्रॅश होतो तो तिसऱ्याच स्क्रीनवर, जिथे ते नाव वापरलं जातं तिथे, आणि स्टॅक ट्रेसमध्ये (क्रॅशच्या नोंदीत) मूळ कारणाचा मागमूस नसतो. क्लिक करून बदलणाऱ्याला हे कोण सांगणार?

मृण्मयी:
मी आयओएसवाली (आयफोनची ॲप लिहिणारी), तरी बोलते. ॲपलची स्विफ्ट ही भाषा 2014 ला आली तेव्हा ज्यांनी उत्साहाने जुनी ऑब्जेक्टिव्ह-सी सोडली त्यांना 2016 च्या स्विफ्ट 3 ने रडवलं, एवढं सिंटॅक्स बदललं की चालता कोड कंपाइलच होईना. एबीआय (तयार झालेल्या कोडचे तुकडे एकमेकांशी जुळायचे नियम) स्थिर व्हायला 2019 चं स्विफ्ट 5 उजाडलं, तोपर्यंत प्रत्येक ॲप स्विफ्टच्या लायब्रऱ्या पोटात घेऊन फिरायचं, साइज वाढायची ती वेगळीच. म्हणून कधी बदलताय ते बघा. कोटलिन आता मुरलेली आहे, ती भीती तुम्हाला नाही, पण टेस्ट नसतील तर मी कोडकरांच्या बाजूने.

सावळाराम:
टेस्ट आधी हव्यात, वादच नाही. आणि जीसनचं म्हणाल तर तो लायब्ररीचा दोष, मोशी ही लायब्ररी किंवा कोटलिनचं स्वतःचं सिरियलायझेशन घ्या, नल आला की पार्स करतानाच (माहिती वाचतानाच) एरर येते. पण त्यासाठी जावात अडकून राहणं मला पटत नाही.

कोडकर:
म्हणजे भाषेबरोबर लायब्ररीही बदलायची, टेस्टही लिहायच्या, आणि रिलीजची तारीख तीच. वरच्यांनी यातलं काहीच धरलेलं नाहीये, भांडण तिथे आहे. आधी जावा फाइलींवर नलची ॲनोटेशन (इथे नल येऊ शकतो की नाही हे सांगणाऱ्या खुणा) टाकायला वेळ द्या, मग कन्व्हर्टरही एवढी उद्गारचिन्हं टाकणार नाही. तो वेळ मिळेपर्यंत पेमेंटचा कोड मी कुणाला बदलू देणार नाही.