मदत हवी आहे: डोंबिवलीतला फ्लॅट १४ महिने झाले, विकला जात नाहीये

मंदार_पी

नमस्कार मंडळी. घाईत लिहितोय, चूकभूल माफ करा.

डोंबिवली पूर्वेला आमचा वन बीएचके आहे. गेले १४ महिने विकायला काढलाय. मी पुण्यात, आई तिथे एकटी. गुडघ्यांमुळे तिला आता जिने होत नाहीत, म्हणून हा विकून तिला इकडे आणायचं आहे. तीन एजंट झाले, चाळीसेक पार्ट्या बघून गेल्या. सगळे म्हणतात छान आहे, हवेशीर आहे, आणि नंतर फोन उचलत नाहीत. आई सुरुवातीला प्रत्येकाला कांदेपोहे करायची, जणू घरात मुलगी दाखवायची आहे. आता पाणीसुद्धा विचारून देते.

किंमत बाजारभावाच्या खालीच आहे. गेल्या दिवाळीत रंगकाम करून घेतलं. एजंट म्हणतो मार्केट डाऊन आहे, पण समोरच्या गल्लीतल्या बिल्डिंगमधला तेवढाच फ्लॅट तीन आठवड्यांत गेला. मग आमचंच काय चुकतंय? फोटो? जाहिरात? कृपया लवकर सांगा, रविवारी एजंटला भेटायचंय.

चकली_आणि_चहा

डोंबिवली पूर्व म्हणजे कुठे? फडके रोड पण पूर्वेलाच आणि पार भोपरही पूर्वेलाच. कार्पेट किती, मजला कुठला, लिफ्ट, पार्किंग, किंमत? यातलं एकही लिहिलेलं नाही आणि म्हणे लवकर सांगा.

वास्तुमित्र

मुख्य दरवाजा कुठल्या दिशेला? नैर्ऋत्येला टॉयलेट असेल तर घर मालकाला सोडत नाही, हा माझा वीस वर्षांचा अनुभव आहे. ईशान्य कोपऱ्यात तांब्याच्या लोट्यात पाणी ठेवा, रोज बदला. माझ्या मेव्हण्याचा फ्लॅट सव्वा महिन्यात गेला.

मंदार_पी

@चकली, नांदिवली. ३८० कार्पेट. ३४ सांगतोय, ३२ लाखांना देईन. चौथा मजला. लिफ्टचा डक्ट आहे, लिफ्ट बसवली नाही. पार्किंग म्हणजे जो आधी लावेल त्याचं. हे सगळं एजंट पार्टीला फोनवरच सांगतो, त्यामुळे तो प्रश्न नाही. लिफ्ट नाही हे माहीत असूनच लोक येतात.

@वास्तुमित्र, दरवाजा पूर्वेला आहे.

वास्तुमित्र

मग टॉयलेट बघा.

गृहिणी_ठाणे

मी गेल्या वर्षी घर शोधत होते, खरेदीदाराच्या बाजूने सांगते. आम्ही एका घरात गेलो तर दिवाणावर बारा गाद्या रचलेल्या, कपाटावर बॅगा, बॅगांवर पाटा-वरवंटा. माझी सासू टेप घेऊन आली होती, तिला पलंगाची जागा मोजायला भिंतच सापडेना. घर चांगलं होतं, पण आम्ही जिना उतरता उतरताच नाही ठरवलं. सामान निम्मं कमी करा, सिंकखालचं दार उघडून बघा ओल आहे का. बायका ते दार उघडतातच.

हडसन_काठी

न्यू जर्सीहून लिहितोय. विक्रेता एनआरआय असेल तर खरेदीदाराला एक टक्का नाही, चांगलाच मोठा टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापायचा कर, कापावा लागतो, म्हणून लोक एनआरआयचं घर टाळतात. आधी इन्कम टॅक्सकडून कमी दराने कपातीचा दाखला काढा. शिवाय २३ जुलै २०२४ नंतर दीर्घकालीन नफ्यावर साडेबारा टक्के, इंडेक्सेशन (महागाईप्रमाणे खरेदी किंमत वाढवून धरणं) नाही. जुन्या मालमत्तेला २० टक्के अधिक इंडेक्सेशन हा पर्याय फक्त निवासी भारतीयांना आहे. माझे यात दोन वर्षं गेली, सविस्तर लिहू का?

मंदार_पी

मी हिंजवडीला असतो हो. एनआरआय नाही.

हडसन_काठी

ओके. पण पुढे कोणाला उपयोग होईल म्हणून लिहिलं.

निवृत्त_कर्जखाते

फोटो, गाद्या, लोटा हे सगळं बाजूला ठेवा. पार्ट्या नेमक्या कुठल्या टप्प्यावर जातात? बघून लगेच, किंमत बोलल्यावर, की टोकन दिल्यावर?

मंदार_पी

बहुतेक बघूनच जातात. हां, तिघांनी टोकन दिलं होतं, प्रत्येकी २१ हजार. दोघांनी पंधरा-वीस दिवसांनी परत मागितलं, दिलं. तिसऱ्याचं द्यायचंय. तिघंही म्हणाले बँकेचं जमलं नाही. त्यांच्या सिबिलचा, म्हणजे कर्जफेडीच्या गुणांचा, प्रश्न असणार म्हणून वर लिहिलं नाही.

निवृत्त_कर्जखाते

तीन वेगळी माणसं, तीन वेगळे पगार, आणि तिघांचंही सिबिल तुमच्याच दारात येऊन बिघडलं? इमारत कुठल्या सालची? बांधकाम परवानगी कोणाची? ओसी, म्हणजे इमारत नकाशाप्रमाणे झाल्याचं भोगवटा प्रमाणपत्र, आहे का?

चकली_आणि_चहा

आणि त्या तिसऱ्याचे २१ हजार आधी परत करा राव.

मंदार_पी

२००४ ची. कागद सगळे आहेत: रजिस्टर अ‍ॅग्रीमेंट, इंडेक्स टू (नोंदणीचा उतारा), मालमत्ता कराच्या पावत्या, लाईट बिल. बाबांनी पतपेढीचं कर्ज काढून घेतला होता, ते फिटलं. ओसी आमच्या रांगेत कोणाकडेच नाही, ग्रामपंचायतीच्या काळातली बिल्डिंग आहे. इथे हे सगळ्यांना माहीत असतं म्हणून मुद्दाम लिहिलं नाही.

चकली_आणि_चहा

🙏 हे चौदाव्या प्रतिसादात.

निवृत्त_कर्जखाते

सापडलं. बाहेरगावच्या वाचकांसाठी जरा पार्श्वभूमी. कल्याण-डोंबिवली महापालिका १९८३ ची. त्यात आलेली २७ गावं २००२ मध्ये वगळली आणि २०१५ मध्ये परत घेतली. नांदिवली त्यातलंच. मधल्या काळात तिथे ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर मजलेच्या मजले चढले. बहुमजली इमारतीला रीतसर बिनशेती आदेश आणि सक्षम नियोजन प्राधिकरणाचा मंजूर नकाशा लागतो. सरपंचाच्या शिक्क्याने ती गरज भागत नाही.

आता तुमचे कागद. निबंधक कार्यालय दस्त नोंदवतं, मुद्रांक शुल्क घेतं. इमारत अधिकृत आहे की नाही हे ठरवणं त्याचं काम नाही. मालमत्ता कर पालिका अनधिकृत बांधकामालाही लावते, त्यामुळे पावती म्हणजे परवानगी नव्हे. वीजबिल तर राहूच द्या. मी ३१ वर्षं कर्जाच्या टेबलावर काढली. आमच्याकडे फाईल आली की पॅनेलवरचा वकील सर्च रिपोर्ट, म्हणजे मालकीच्या नोंदींचा अहवाल, देई आणि किंमत ठरवणारा व्हॅल्युअर जागेवर जाई. तो आधी मंजूर नकाशा मागतो. तो नसला की फाईल तिथेच झोपते, अर्जदाराचा पगार कितीही असो.

आणि समोरच्या गल्लीतल्या फ्लॅटला ओसी आहे का, किंवा घेणाऱ्याने रोखीने घेतला का, ते विचारून बघा.

डोंबिवलीकर_जन्मजात

ग्रामपंचायतीच्या बिल्डिंगमध्ये माणसं राहत नाहीत का? माझी आख्खी बहीणभावंडं तिथे राहतात, वीस वर्षांत एक नोटीस नाही. लोन होतं. पतपेढ्या करतात, काही फायनान्स कंपन्याही करतात, व्याज थोडं जास्त असतं एवढंच. उगाच घाबरवू नका.

सानपाडा_लोकल

घाबरवण्याचा प्रश्न नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने कल्याण-डोंबिवलीतल्या ६५ बेकायदा इमारती पाडायला सांगितल्या, तेव्हापासून इथे घर बघणारा प्रत्येक जण कागद आधी मागतो. एमआयडीसीतल्या कारखान्यांत २०१६ आणि २०२४ ला स्फोट झाले तेही लोकांच्या डोक्यात असतात. वर पलावाला, त्या मोठ्या नव्या वसाहतीत, लिफ्ट, तलाव, ओसी सगळं मिळतं.

डोंबिवलीकर_जन्मजात

त्या ६५ म्हणजे खोटे कागद दाखवून महारेराचा, म्हणजे गृहप्रकल्पांच्या सरकारी नोंदणीचा, नंबर मिळवलेल्या. त्याचा २००४ च्या इमारतीशी संबंध काय? आणि पलावाहून सकाळी स्टेशन गाठून दाखवा एकदा, मग तलावाबद्दल बोलू.

नवखा_खरेदीदार

महारेरा नंबर काय आहे या बिल्डिंगचा? त्यावरून सगळं कळेल.

सानपाडा_लोकल

२००४ ची इमारत आहे हो. महारेरा आलं २०१७ ला.

चिंचवडी_मिसळ

आमच्याकडे पिंपरी-चिंचवडला अनधिकृत बांधकामांचा शास्तीकर, म्हणजे दंडाचा जादा कर, २०२३ मध्ये माफ झाला. तुमच्या बिलावर शास्तीची ओळ आहे का बघा. ती असेल तर पालिकेच्या लेखी बांधकाम काय आहे ते आपोआप कळेल.

एक_घाव_दोन_तुकडे

मी या धंद्यात आहे, प्रॅक्टिकल सांगतो. एवढं सगळं पार्टीला सांगायचं कशाला? ओळखीच्या ठिकाणाहून लोन करून द्यायचं, २० कागदावर, १२ हातात. सगळे खूश. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

निवृत्त_कर्जखाते

मंदार, व्यनि करू नका. घराच्या व्यवहारात २० हजार आणि त्यावरची रोकड घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. शिवाय सरकारी मूल्यांकन कागदावरच्या किमतीपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त निघालं, तर तुमचा नफा त्या मूल्यांकनावर मोजला जातो आणि खरेदीदाराच्याही उत्पन्नात फरक धरतात. किंमत उतरवायची असली तरी आधी तुमच्या विभागाचा रेडी रेकनर, म्हणजे सरकारी दरपत्रक, बघा. आणि लपवून विकलंत, तर आईच्या जागी दुसऱ्या कोणाची तरी आई अडकेल.

एक_घाव_दोन_तुकडे

मास्तर, पेन्शन वेळेवर येते ना? मग उपदेश सोपा असतो.

सुलभा_नाशिक

अ‍ॅग्रीमेंट कोणाच्या नावावर आहे? 'बाबांनी घेतला होता' असं लिहिलंय म्हणून विचारते.

मंदार_पी

आई-बाबा दोघांच्या. बाबा २०१९ ला गेले. बहीण आहे, तिचं काही म्हणणं नाही.

सुलभा_नाशिक

म्हणणं नाही हे तोंडी चालत नाही. बाबांच्या हिश्श्यात आई, तुम्ही आणि बहीण असे तिघे वारस. बहिणीचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून घ्या, नाहीतर तिलाही विक्रीच्या दस्तावर सहीला बोलवा. सोसायटीत बाबांनी नॉमिनी कोणाला केलं याने मालकी ठरत नाही. आमच्या चुलतभावाचा व्यवहार याच एका सहीसाठी सात महिने लटकला होता.

मंदार_पी

सोसायटी रजिस्टरच नाही. कमिटी आहे, महिन्याला ८०० रुपये घेते.

चकली_आणि_चहा

अजून काही सांगायचं राहिलंय का? खाली विहीर वगैरे?

पोहे_विरुद्ध_उपमा

मला एक कळलं नाही, चाळीस पार्ट्यांना पोहे म्हणजे एकूण किती किलो झाले? काकूंना साष्टांग.

भाडेकरू_कायमचा

विकू नका. भाड्याने द्या. ११ महिन्यांचा करार, डिपॉझिट घ्या, आईच्या औषधांचा खर्च सुटेल.

मंदार_पी

रविवारी एजंटऐवजी घरीच गेलो. थोडं सविस्तर लिहितो.

कमिटीच्या काकांकडून नकाशाची झेरॉक्स मिळवली. वॉचमनच्या खोलीत मोटरच्या चाव्यांच्या खिळ्याला, प्लॅस्टिकच्या पिशवीत टांगलेली होती. घड्यांवर फाटलेली, खाली ग्रामपंचायतीचा गोल शिक्का, तारीख पुसट. मी जमिनीवर पसरून बघितली. तळमजला, पहिला, दुसरा, आणि वर गच्ची. संपलं. आम्ही राहतो चौथ्यावर. बाबांनी २००४ साली जे घर घेतलं ते या कागदावर आकाशात आहे. आई चष्मा लावून बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "म्हणजे मी एवढी वर्षं गच्चीवर राहत्येय."

काका म्हणाले व्हॅल्युअर लोक येतात, ही झेरॉक्स बघतात, मोबाईलवर फोटो काढतात आणि जातात. त्यांना वाटत होतं मला ठाऊक आहे. एजंटला फोन केला, त्यालाही ठाऊक होतं. तीन एजंटांपैकी एकानेही चौदा महिन्यांत तोंड उघडलं नाही. समोरच्या गल्लीतल्या इमारतीला ओसी आहे, तेही त्यानेच सांगितलं, फार सहज.

तिसऱ्याचे २१ हजार त्याच दिवशी परत केले. तो म्हणाला, बँकेने त्याला दोन महिन्यांपूर्वीच कारण सांगितलं होतं, मलाच सांगायला संकोच वाटला.

आता विचारायचं एवढंच: यात नियमित करून घ्यायचा काही मार्ग आहे का? कमिटीत एक जण म्हणतो दोन लाख दे, ओसी आणून देतो.

निवृत्त_कर्जखाते

एका फ्लॅटची ओसी अशी आणून मिळत नसते. अर्ज सगळ्या इमारतीसाठी करावा लागतो. त्याला जमीनमालक आणि बिल्डर लागतात, आणि वरचे दोन मजले चटईक्षेत्रात, म्हणजे बांधकामाच्या मर्यादेत, बसतात का हे आर्किटेक्टलाच मोजून बघावं लागतं. त्या दोन लाखवाल्याला पैसे देऊ नका. त्या जमिनीचा सातबारा ऑनलाइन काढा, जमीन अजून कोणाच्या नावावर आहे ते बघा, मग सगळ्या रहिवाशांनी मिळून एकच वकील गाठा. याला वेळ लागेल.

तोपर्यंत विकायचाच असेल तर गिऱ्हाईक बदला. कर्ज काढून पहिलं घर घेणारं जोडपं तुमचं गिऱ्हाईक नाही. ज्याचे स्वतःचे पैसे तयार आहेत आणि ज्याला कागद दाखवूनही चालतं असा माणूस बघा. तो ३२ देणार नाही.

डोंबिवलीकर_जन्मजात

किती देईल ते मी सांगतो, आमच्या बाजूला नुकतंच झालंय. २४-२५. चौथा, बिनलिफ्टचा म्हटलं की अजून खाली. तुम्हाला पटणार नाही, मलाही पटलं नव्हतं.

वास्तुमित्र

टॉयलेटची दिशा अजून सांगितली नाहीत.

मंदार_पी

नैर्ऋत्येला आहे. आता खूश?

ठरलंय ते लिहितो. आईला पुढच्या महिन्यात पुण्याला आणतोय, फ्लॅट विकला जाईपर्यंत थांबत नाही. तोवर भाड्याने. बहीण हक्कसोडपत्र करायला तयार आहे. जुनी जाहिरात काढून नवीन टाकली: 'नांदिवली, वन बीएचके, चौथा मजला, लिफ्ट नाही, ग्रामपंचायत काळातली इमारत, ओसी नाही, बँक कर्ज होत नाही, कागद बघून मगच या.' एजंट म्हणाला असं लिहून कोण येणार. दोन फोन आलेत. एकाने पहिल्यांदाच पाणी कधी येतं ते विचारलं, मला बरं वाटलं.

नवखा_खरेदीदार

हा फ्लॅट अजून आहे का? मला नांदिवलीतच हवाय, बजेट ३० पर्यंत. लोन होईल ना?